डाव्या दिव्याचा अर्थ

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी तिच्या पिकअपमागे जमिनीवर आडवा पडलो होतो. तिचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. दोन महिने ती म्हणत होती, "अहो, डावा इंडिकेटर एकदा बघा." ती घरी यायच्या आत तो करून टाकावा, म्हणून मी मागच्या डाव्या दिव्याची अर्थची तार सोडवून गंज खरवडत होतो. दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या पत्र्यात परत नेणारी ती तार. फोन वाजला. मी बोल्ट शर्टाच्या खिशात टाकला आणि दवाखान्यात गेलो.

आमची लॉन्ड्री. धुतलेल्या चादरी बायको पिकअपमधून हॉटेलांना पोचवायची. गाडी जुनी, जवळपास माझ्याच वयाची. नंतर कामगारांनी ती ढकलून शेडमध्ये लावली, पाठ भिंतीकडे. मी तिकडे फिरकलो नाही.

तीन आठवड्यांनी त्याच शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, दार लावून संकेतस्वामी बसले होते. हा मूळचा भाड्याची घरं दाखवणारा दलाल. गाडी विकायची आहे का ते बघायला आला, सीटवर बसला आणि स्टिअरिंगमागचा इंडिकेटरचा डावा बाण मिणमिणला. बाण गाडीत पेटला, डोकं ह्याचं चाललं. आठ दिवसांत तो स्वामी झाला. भिंतीची ओल लपवून खोल्या दाखवणारा माणूस आता परलोक दाखवू लागला.

"ताई, आलात?" स्वामींनी डोळे मिटून माझ्या गेलेल्या बायकोला विचारलं.

बाण मिणमिणला.

"अरे, पण किल्ली कुठंय?" आमचा इस्त्रीवाला ओरडला.

"माझ्या खिशात," मी म्हणालो. खरं सांगतो, मीही खिसा चाचपून पाहिला.

"उजेड इतका मंद का हो?" कुणीतरी विचारलं.

"नवीन आहेत त्या तिकडे," स्वामी म्हणाले. "अंगात ताकद यायला वेळ लागतो."

लोकांनी माना हलवल्या. शहाणीसुरती माणसं, पण एकालाही हसू आलं नाही.

मग माझी मेहुणी पुढे झाली. तिला आम्ही धाकटी म्हणतो. माझ्या बायकोसारखीच गाठ धाकटीलाही निघाली होती, पण वाटाण्याएवढी. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला मंगळवार दिला होता. आज सोमवार होता.

"ताई," ती म्हणाली, "उद्या ऑपरेशनला जाऊ ना मी?"

बाण काळाच राहिला.

"नाही म्हणतात," स्वामी म्हणाले.

"मग गाठीचं काय?"

"विरघळेल. रोज संकेत घ्यायचा. ताई, त्यासाठी ही गाडी आमच्या संकेतकेंद्रात आणायची ना?"

बाण लगेच पेटला. जिवंतपणी तिने ही गाडी मलासुद्धा चालवू दिली नव्हती.

"भाऊजी, मी उद्या जात नाही," धाकटी रडत म्हणाली. "ताई नको म्हणतेय."

गर्दीमुळे मी मागे, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून उभा होतो. चमत्कार समोर चालला असताना मागे कोण येतंय? पण होकार आला की माझ्याजवळची पांढरी भिंत लाल होत होती. उजवा ब्रेकचा दिवा भक्क, डावा मेल्यासारखा. खाली ती तार लोंबत होती. मीच सोडलेली.

मी पुढे गेलो आणि गाडीचं दार उघडलं.

"स्वामी, पाय वर घ्या."

"पाय?" ते प्रसन्न झाले. "श्रद्धा असेल तर धरा."

"धरायला नाही, बघायला आलोय. सीटवर मांडी घाला आणि मग तिला बोलवा."

"मांडी घातली की संपर्क तुटतो."

"कशाशी? ब्रेकशी?"

सगळ्यांत आधी इस्त्रीवाला हसला. मी स्वामींना खाली उतरवलं आणि धाकटीला सीटवर बसवलं.

"ब्रेक दाब."

बाण मिणमिणला. तिचा हात तोंडावर गेला.

"सोड. आता ताईला विचार, दोन आणि दोन पाच होतात का? आणि दाब."

"हो म्हणतेय, भाऊजी," ती रडता रडता म्हणाली.

मी मागे जाऊन तार हातात धरली. "ह्या दिव्याला अर्थच मिळत नाहीये!"

"ऐकलंत?" स्वामींनी संधी साधली. "जीवनाचा अर्थ..."

"तारेचा, तारेचा! ब्रेकच्या दिव्याला किल्ली लागत नाही. पण करंटला परत जायची वाट मी सोडवून ठेवली होती. मग तो इंडिकेटरच्या तारेत उलटा घुसतो आणि पुढचा बाण अर्धामुर्धा पेटवतो. धाकटे, दाबून ठेव!"

मी तार पत्र्याला टेकवली.

"गेला!" ती ओरडली.

उचलली.

"आला!"

सात-आठ वेळा केलं. लोक आता मागे येऊन बघू लागले. स्वामी निघाले तेव्हा इस्त्रीवाला म्हणाला, "महाराज, डावीकडे वळणार की उजवीकडे? इशारा देऊन जा." हल्ली म्हणे पलीकडच्या वस्तीत एका फ्रिजमधून कुणाचे तरी सासरे बोलतात.

शेड रिकामी झाली. धाकटी सीटवरच बसून होती.

"पण ताई ऑपरेशननंतरच गेली ना?"

"ताई उशिरा गेली दवाखान्यात. आठ महिने गाठ लपवली तिने, माझ्यापासूनसुद्धा. तुझी वेळेवर सापडलीय."

"मला भीती वाटते, भाऊजी."

"वाटू दे. भीती वाटली तरी जायचं. मी बाहेर बसतो."

मंगळवारी ती गेली. मी बाहेर बसलो. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता ती पुन्हा चादरींच्या घड्या घालते आणि इस्त्रीवाल्याशी भांडते.

मी शिकलेला माणूस नाही, पण एवढं सांगतो. कुणी दिवा दाखवला तर मागे जाऊन बघा. दाखवणाऱ्याचे पाय बघा. आजाराचं डॉक्टरला विचारा, बल्बला विचारू नका. मेलेलं माणूस बोलत नाही. बोलत असतं तर ते मला आधी कळलं असतं.

बोल्ट माझ्याकडेच आहे. डावा इंडिकेटर अजून दुरुस्त करायचा राहिला आहे.