डीकन गिल्रीची धाकटी बहीण

ओपल गिल्रीचा हेरॉन बेंड शाळेत पहिलीला नंबर लागला. पण तसं काही झालेलंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ, कारण पत्र आल्यापासून नऊ दिवस गिल्रींच्या घरात सगळे तसंच समजून चालले होते. पत्र फ्रीजरमध्ये होतं, भेंडीच्या पाकिटांखाली. आइस्क्रीम काढायचं झालं तर नजर छताकडे ठेवून हात आत घालायचा, असा घराचा नियम झाला होता.

तर, नंबर लागलेला नाही.

ओपलची आजी मिस व्हर्नेल याच शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं होती. सोमवारी राजमा-भात, शुक्रवारी मासे, आणि मधल्या दिवसांत वरून जे लिहून येईल ते. हेरॉन बेंड सरकारीच शाळा, फी नाही, पण साधी नाही, मॅग्नेट शाळा. म्हणजे सगळा अभ्यास एका विषयाला बांधलेला आणि प्रवेश गावातल्या कुठल्याही वस्तीतल्या मुलाला खुला. हेरॉन बेंडचा विषय होता दलदल. तिथली मुलं बेरीज करायची ती बेडकांची आणि वजाबाकी करायची ती बगळा येऊन गेल्यावर. जागा चव्वेचाळीस, अर्ज तीनशे बारा, आणि निवड संगणकाच्या सोडतीने.

सोडतीत कोणाचं काही चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रत्येकाने काही ना काही चालवलंच. एका आईने अर्ज बरोबर सात वाजून सात मिनिटांनी धाडला. एका बापाने पाद्रीबाबांकडून लॅपटॉपवर हात ठेवून घेतला. ओपलची आई डेनीस हिने मार्डी ग्रा सणाचे केक चार दुकानांतून आणून खाल्ले, का तर केकमध्ये दडवलेलं प्लॅस्टिकचं बाळ आपल्याच तुकड्यात निघावं. चौथ्यात ते निघालं. मग तिला कोणीतरी आठवण करून दिली की ज्याला बाळ निघतं त्याने पुढचा केक आणायचा असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. तिने पाचवा आणला.

डेनीसचं एवढं अडलं होतं ते ओपलपायी. घरात त्या पोरीचं तोंड मिटायचं नाही, आणि उंबऱ्याबाहेर ते उघडायचं नाही. त्यांच्या वस्तीच्या वाट्याला जी शाळा होती ती सहाशे मुलांची. तिथल्या बाईंनी ओपलशी चाळीस मिनिटं बोलून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘ऐकू येत नसावं.’ ओपलला शेजारच्या घरात उघडलेलं चिप्सचं पाकीट ऐकू यायचं. प्रश्न ऐकण्याचा नव्हता. घराबाहेर ती बोलायची फक्त डीकनशी, आणि डीकन होता हेरॉन बेंडमध्ये.

डीकन म्हणजे शाळेचं कासव. वजन बारा किलो, वय कोणालाच माहीत नाही, स्वभाव शांत. शाळा सुरू असली की अंगणातल्या कुंपणात, आणि सुटी लागली की गिल्रींच्या घराच्या ओसरीखाली. ओपल रांगायला शिकली ती त्याच्या मागे मागे. त्यामुळे तिचा वेग बरेच दिवस चिंतेचा विषय होता.

तर न आलेल्या त्या पत्रात लिहिलं होतं: ‘निवडीचा आधार: भावंड प्राधान्य. विद्यार्थिनीचं मोठं भावंड याच शाळेत शिकत आहे. पडताळणीसाठी भावंडासह दहा दिवसांत हजर राहावे.’

डेनीसने ते दोनदा वाचलं आणि आपल्या माजी नवऱ्याला, कर्टिसला, फोन लावला. हेरॉन बेंडमध्ये तुझं कोण शिकतंय, एवढंच विचारलं. कर्टिसने देवाची शपथ घेऊन सांगितलं की हेरॉन बेंडमध्ये आपलं कोणी नाही. मग जरा थांबून म्हणाला, लेक चार्ल्स गावातल्या शाळेबद्दल मात्र एकदा निवांत बसून बोलू.

मिस व्हर्नेल टेबलापाशी कोळंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

“कर्टिसला सोड,” ती म्हणाली. “भाऊ माझ्याकडून आहे.”

डेनीस खुर्चीवर बसली. “मॉमा, तू एकसष्ट वर्षांची आहेस.”

मग मिस व्हर्नेलने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या जेवणघरात मशीन आलं. विद्यार्थ्याचा नंबर दाबल्याशिवाय स्वयंपाकघरातून पानसुद्धा बाहेर काढायचं नाही, असा हुकूम. आणि डीकनचं तर सगळं पोट पानांवर. दोन दिवस ते जनावर उपाशी राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने कोरा फॉर्म घेतला आणि त्याला विद्यार्थी केलं. आडनावाशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून आपलं घातलं. पत्ता हवा होता, ओसरी तर आपलीच. पालक, आपणच. जन्मतारीख म्हणून त्याच दिवसाची तारीख टाकली, फक्त सहा वर्षं मागची. नंबर मिळाला, लेट्यूस मिळालं, आणि ती विसरून गेली.

संगणक विसरला नव्हता. डीकन गिल्री अकरा वर्षं पहिलीत होता. वाचनाच्या परीक्षेत तो दरवर्षी बसायचा, म्हणजे त्याच्या नावाने टॅबलेट यायचा आणि मुलं तो कुंपणात ठेवायची. एका वर्षी तो टॅबलेटवरून चालत गेला आणि त्याला एकतीस टक्के पडले. पास व्हायला पस्तीस लागतात. त्या वर्षी थोडक्यात राहिला. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्याला गाडी चालवायला शिकण्याचं सरकारी आमंत्रणही आलं होतं. मिस व्हर्नेलला वाटलं होतं, जाहिरात असेल.

डेनीसचं म्हणणं सरळ होतं. आपण खोटं बोललेलो नाही, आपण काहीच बोललेलो नाही, आणि आता बोलूही नये. म्हणून पत्र भेंडीखाली गेलं. पण मिस व्हर्नेल दर रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात लोकांच्या स्वागताला उभी राहणारी बाई. त्या रविवारी पाद्रीबाबा देवाचा हुकूम टाळून पळालेला योना आणि त्याला गिळणारा मोठा मासा यावर बोलले. कासवाचा उल्लेखसुद्धा नव्हता, तरी तिला सगळं प्रवचन आपल्यालाच उद्देशून वाटलं.

दहाव्या दिवशी शाळेला मार्चमधली सुटी होती आणि डीकन ओसरीखालीच होता. तिने पत्र काढलं, बर्फ खरवडला, आणि क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडायचं मोठं भांडं खाली उतरवलं. डेनीस उठून शेगडीसमोर आडवी उभी राहिली. मिस व्हर्नेलने भांड्यात ओला टॉवेल घातला, त्यावर डीकनला ठेवला, आणि झाकण अर्धवट लावून सगळ्यांना गाडीत बसवलं.

शिक्षण कार्यालयाच्या दारातल्या रखवालदाराने भांड्यात काय आहे असं विचारलं. मिस व्हर्नेल म्हणाली, विद्यार्थी. त्याने सांगितलं की मग त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी घ्या.

आत पडताळणीच्या टेबलापाशी मिस ओडेट फॉन्टनो बसल्या होत्या. एसी इतका गार की मार्चमध्येही त्यांच्या अंगावर स्वेटर. पडद्यावर नाव बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अखेर भेटलात. अकरा वर्षांत एकही खाडा नाही, असं मूल अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नाही. मागच्या वर्षी त्याचा सत्कार ठेवला होता, तर तो आलाच नाही.

“वरच्या मजल्यावर होता ना,” मिस व्हर्नेल म्हणाली. “त्याला जिना चढता येत नाही.”

मिस ओडेटनी हळहळून मान हलवली. मग मिस व्हर्नेलने झाकण काढलं आणि सगळं सांगून टाकलं, अगदी लेट्यूसपासून.

मिस ओडेट बराच वेळ भांड्यात बघत राहिल्या. डीकनही त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटी त्यांनी कोरड्या आवाजात समजावलं की विद्यार्थ्याचं नाव तीनच कारणांनी काढता येतं. दुसऱ्या शाळेने घेतलं तर, बारावी झाली तर, किंवा मृत्यूचा दाखला असेल तर. सगळ्यांनी भांड्यात डोकावलं. डीकन निवांत पान चावत होता. नाहीतर मग अकरा वर्षांचे अहवाल नव्याने करावे लागतील, आणि त्या प्रत्येक अहवालावर सही कोणाची आहे?

“माझी,” मिस ओडेट म्हणाल्या. “निळ्या शाईत.”

“मग त्याचं राहू दे,” मिस व्हर्नेल म्हणाली. “पोरीचं नाव काढा. कासवाच्या वशिल्याने दुसऱ्याच्या लेकराची जागा मला नको.”

डेनीसने डोळे मिटले. पाच केक, दहा दिवस, सगळं तिच्या बंद पापण्यांआडून सरकून गेलं. मिस ओडेटनी माउस हातात घेतला.

“तो माझा भाऊ आहे.”

खोलीत हा आवाज कोणाचा, हे कळायला डेनीसला क्षणभर लागलं. ओपल टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती.

“बाळा,” मिस ओडेट म्हणाल्या, “ते कासव आहे.”

“दोन्ही आहे,” ओपल म्हणाली. “आणि तो नव्या माणसांना घाबरतो. मग मी त्याला सांगते, मी आहे ना, की तो डोकं बाहेर काढतो. तुम्ही जरा हळू बोला.”

मिस ओडेट हळू बोलू लागल्या. पण त्यांना फारसं बोलायला मिळालंच नाही, कारण ओपलने त्यानंतर कासवाचं कवच, त्यातल्या नसा, कासवांना न आवडणारे रंग आणि लेट्यूसपेक्षा जास्वंद कशी बरी, यावर सतरा मिनिटं सलग सांगितलं. डेनीस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, म्हणून आकडा पक्का आहे. बाहेर पुढच्या नंबराचा माणूस दोनदा डोकावला आणि तिसऱ्यांदा खुर्ची घेऊनच आत येऊन बसला.

ती थांबल्यावर मिस ओडेटनी कपाटातून नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि भावंडाची व्याख्या मोठ्याने वाचली. एकाच पत्त्यावर, एकाच कुटुंबात राहणारा दुसरा विद्यार्थी. त्यांनी पुन्हा वाचली. पान उलटून मागेही बघितलं.

“रक्ताचं नातं हवं असं लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “रक्त गरम हवं असंही नाही.”

शिक्का बसला. मिस व्हर्नेलने पुन्हा त्या दुसऱ्याच्या लेकराचा विषय काढला, तेव्हा मिस ओडेटनी सांगितलं की प्रतीक्षा यादीतला पहिला नंबर दर ऑगस्टमध्ये आत जातोच, कारण कोणी ना कोणी ह्यूस्टनला राहायला जातंच. ऑगस्टमध्ये एक कुटुंब खरंच गेलं. यादीतला तो मुलगा आत आला, आणि पहिल्याच दिवशी ओपलने त्याला कुंपणापाशी नेऊन आपल्या भावाची ओळख करून दिली. त्यात त्याची मधली सुटी संपली.

वर्ष बरं गेलं. ओपल वर्गात इतकी बोलायला लागली की घरी चिठ्ठी आली. डेनीसने ती फ्रीजवर लावली, गाडीच्या आमंत्रणाशेजारी. अडचण उभी राहिली ती मे महिन्यात, ओपल दुसरीत गेल्याचं कळल्यावर. तिने विचारलं, आणि डीकन? उत्तर ऐकून ती खोलीत गेली, कागद घेऊन आली आणि सांगू लागली. मिस व्हर्नेलने हातमोजे घालून लिहून घेतलं. तो अर्ज मिस ओडेटच्या टेबलावर, सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये, अजून आहे.

‘प्रति, शिक्षण कार्यालय. विषय: विद्यार्थी डीकन गिल्री, इयत्ता पहिली, यास इयत्ता दुसरीत चढवण्याबाबत. महोदया, सदर विद्यार्थी गेली बारा वर्षं एकही खाडा न करता पहिलीत शिकत असून त्याची वर्तणूक उत्तम आहे. त्याची धाकटी बहीण यंदा त्याच्या पुढे जात असल्याने कुटुंबात त्याची मान खाली जात आहे व आत ओढली जात आहे. तरी त्यास वाचनाच्या अटीतून सूट देऊन बहिणीसह दुसरीत बसवावं, दुसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर असल्याने तो खाली आणावा, आणि याबाबतचा निर्णय सदर विद्यार्थ्यास परस्पर कळवावा. कृपया अक्षर मोठं काढावं. त्याचं वाचन अजून कच्चं आहे.’