राजाला जाळलं तो दिवस

कुस्कोजवळच्या डोंगरातल्या एका घरात लपून तोक्तो मेलेल्या इंका राजाची सेवा करायची. त्याच्या सुकवून जपलेल्या देहावरच्या माश्या वारायची, रोज पुढ्यात मक्याची दारू ठेवायची.

स्पॅनिश शिपाई दारात आले, तेव्हा त्यांच्यापुढे तिचा धाकटा भाऊ पाउकार होता. त्याचे तळवे भाजलेले होते.

"अक्का, नाही सोसवलं गं," तो म्हणाला.

शिपायांनी देह बाहेर ओढला तशी तोक्तो आडवी आली.

"थांबा, सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही."

दुभाषा हसला. "म्हातारे, मेलेला कधी जेवतो होय?"

"तुमच्या देवालाही मारलंच होतं ना? मग त्याच्यापुढे गुडघे कशाला टेकता?"

दुभाष्यानं हे शिपायांना सांगितलं नाही. त्यांनी अंगणातच देह जाळला.

राख गार झाल्यावर तोक्तोनं ती शालीत भरली. या राजानं हयातीत डोंगर फोडून गावासाठी कालवा आणला होता. त्या कालव्यात तिनं राख सोडली. पाउकार मागोमाग आला होता.

"अक्का, मला मार तरी!"

तिनं मारलं नाही. ती पुन्हा कधी त्याच्याशी बोललीही नाही. त्याचे हात बरे होईपर्यंत मात्र रोज त्याला घास भरवायला जात राहिली.