लाल चिंधीची टोपली

काकूंच्या बंद दारात पडलेली वेताची टोपली बोलतेय मी. जरा वाकलात तर बरं, माझा आवाज आता फार लांब जात नाही.

या गल्लीत छत्र्या व्हायच्या, पण मालक कुणीच नव्हता. दादा काड्या जोडायचे, समोर काकू कापड शिवायच्या, कोपऱ्यावरचे मास्तर मुठी बसवायचे. प्रत्येकाच्या दारात माझ्यासारखी एक टोपली असायची. मी दारात सरळ ठेवलेली दिसले, की काम तयार, पुढच्याने उचलायचं. पालथी दिसले, की हात रिकामे; काम आणून द्यायचं. आणि माझ्या कडीला लाल चिंधी दिसली, की घरात दुखणं. मग त्या घरचं काम बाकीचे वाटून घ्यायचे आणि आधी आत डोकावून यायचे.

"इथला साहेब कोण?" असं एका व्यापाऱ्यानं विचारलं, तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या काय, बाईसाहेब दारातच बसल्यात."

पुढे एका कंपनीनं सगळं हाती घेतलं. कुणी काय करायचं ते दूरच्या ऑफिसातून फोनवर येऊ लागलं. काम वाढलं, खोटं कशाला बोलू? पण सगळ्यांच्या माना फोनकडे खाली गेल्या, आणि माझ्यात कांदे आले.

गेल्या थंडीत काकू तापानं फणफणल्या. फोनवर कळवायला हवं होतं. त्यांना सुचली ती चिंधी. कांदे ओतून त्यांनी मला दारात ठेवलं, कडीला चिंधीची गाठ मारली. "येतीलच आता दादा," असं पुटपुटत आत जाऊन पडल्या.

दादा आले, माझ्यावरून पाय टाकून गेले. नजर फोनमध्ये. ऑफिसनं उशीर झाला म्हणून काकूंचं शिवण दुसरीकडे दिलं होतं. "काकूंनी काम सोडलं वाटतं," ते मास्तरांना म्हणाले. मी तिथंच होते. बोलणार कशी?

अखेर मास्तर मला ठेचकाळले. चिंधी पाहून तसेच आत धावले.

काकू वाचल्या. काम मात्र परत आलं नाही. शिलाई मशीन विकून त्या लेकीकडे निघाल्या, तेव्हा दादा खाली बघत म्हणाले, "काकू, एक हाक मारायची होती."

"हाक मारायची वेळ आपल्यावर कधी आली होती रे?" काकू म्हणाल्या. मग त्यांचा पडलेला चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "चिंधीचा रंगच विटलाय, तुझा काय दोष."

रंग विटला नव्हता. अजूनही लाल आहे. येता-जाता शेजारच्या दाराकडे एकदा बघत जा.