शिंगाड्या जाळीत अडकला तेव्हा

तीन आठवडे थोरलीच्या घेवड्याचे कोवळे शेंडे रोज सकाळी खुडलेले दिसायचे. चोर कोण, हे तिला ठाऊक होतं. मऊ मातीत हरणाचे खूर स्पष्ट उमटलेले असायचे, आणि एकदा पळून जाताना त्याची शिंगंही दिसली होती. तेव्हापासून तिने त्याचं नाव शिंगाड्या ठेवलं. शेवटी वैतागून तिने धाकट्या भावाला बोलावलं. तो निवृत्त पोस्टमन. पण पीकरक्षणाचा परवाना होता, बंदूक होती आणि अचूक नेमबाजीच्या बढाया तर विचारूच नका.

उजाडता उजाडता दोघं शेतावर पोचली, तर शिंगाड्या कुंपणाच्या नायलॉन जाळीत शिंगं गुरफटवून धडपडत होता. तोंडाला फेस आलेला.

"आयताच सापडलाय. घाल गोळी," थोरली म्हणाली.

धाकट्याने बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ तशीच धरली आणि खाली घेतली.

"नाही जमायचं ताई. बांधलेलं जनावर मारण्यात कसली आलीय शिकार?"

"तीन आठवडे फुकट जेवलाय माझ्याकडे!"

"मग तू मार." त्याने बंदूक तिच्यापुढे धरली.

थोरलीने बंदुकीकडे पाहिलं, मग हरणाकडे. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"मेल्या, काय करू रे तुझं!" म्हणत तिने अंगातला जुना कोट काढला आणि मागून जाऊन त्याच्या डोळ्यांवर टाकला. अंधार होताच तो गप्प उभा राहिला. धाकट्याने शिंगं धरली, थोरली छाटणीच्या कात्रीने एकेक दोरा तोडू लागली.

"हळू गं, कान कापशील त्याचा!"

"तू नीट धर. नुसत्या गप्पांनी शिंगं धरली जात नाहीत."

शेवटचा दोरा तुटला आणि शिंगाड्या उसळला. धाकटा चिखलात उताणा. कोट झटकून टाकत, घेवड्याची अख्खी ओळ तुडवत शिंगाड्या झाडीत पसार झाला.

"तीन आठवड्यांत केलं नाही ते एका उडीत केलंन!" थोरली पोट धरधरून हसू लागली. चिखलात बसल्या बसल्या धाकटाही हसला. इतकं मोकळं ती दोघं कित्येक वर्षांत हसली नव्हती.

मग जाळी उतरवून त्यांनी दिवसभर उंच कुंपणासाठी खांब रोवले. संध्याकाळपर्यंत निम्मेच झाले.

"उद्या येतो गं," पाठ चोळत धाकटा म्हणाला.

"ये. आणि डबा आणू नकोस, दोघांचं मी करते."