टाचेचा फोटो

कुमुदिनी सबनीस गुरुग्राममधल्या एका होमकेअर कंपनीत नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. मुली चारी दिशांना विखुरलेल्या. कुणी दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहणारी, कुणी फरिदाबादहून येणारी. ड्यूट्यांमुळे वर्गात एका वेळी पाचजणीही जमत नसत. म्हणून तिने फेसबुकवर त्यांच्यापुरता बंद ग्रुप काढला. रोज सकाळी एखाद्या रुग्णाचा फोटो टाकायचा, नाव-चेहरा न दाखवता, आणि विचारायचं, आता तुम्ही काय कराल? मेट्रोत उभ्या उभ्या मुली उत्तरं लिहायच्या. वर्गात तोंड न उघडणाऱ्याही तिथे हिरिरीने वाद घालायच्या. कुमुदिनीला ग्रुपचा अभिमान होता, आणि तो काही वावगा नव्हता.

त्या सोमवारी तिने एका टाचेचा फोटो टाकला. कंपनीची नर्स ज्यांच्या घरी मलमपट्टीला जायची असे, पक्षाघात होऊन अंथरुणाला खिळलेले आजोबा; टाचेला बेडसोअर, पडून पडून झालेली जखम. मीनाक्षी नावाच्या हुशार मुलीने लगेच लिहिलं, 'घरवालों ने करवट नहीं बदली होगी. सीधी लापरवाही.' पुष्कळजणींनी त्याला लाईक दिलं. कामाच्या घाईत कुमुदिनीनेही दिलं.

दुपारी वैजयंती कर्णिकचा फोन आला. ती त्या आजोबांची, सूर्यकांत कर्णिकांची सून.

"ताई, बाबांची टाच तुम्ही फेसबुकवर टाकलीत?"

"चेहरा नाहीये हो त्यात. तुम्हाला कसं..."

"खाली माझ्या आईने शिवलेली गोधडी आहे. शेजारची हेमलता तुमच्याकडेच शिकते ना? तिच्या आईने मला फोटो दाखवला. वर विचारलं, घर में टाइम नहीं मिलता क्या?"

कुमुदिनीने पोस्ट काढून टाकली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. संध्याकाळी ती कर्णिकांच्या सोसायटीत गेली. वैजयंती नुकतीच ऑफिसातून आली होती, गळ्यातलं ओळखपत्रही तसंच होतं. तिने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

"फोटोचं मी एक वेळ समजून घेईन," ती म्हणाली. "पण ती जखम आयसीयूतून आली, ताई. घरी आणलं तेव्हाच होती. मी रात्री गजर लावून उठते, बाबांची कूस बदलते. आणि तुम्ही त्या मुलीला लाईक देता?"

जखम कुठे झाली हे कुमुदिनीने विचारलंच नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "दोन्ही बाबतीत."

आतल्या खोलीतून अडखळता आवाज आला. "टाच माझी आहे. मला कुणी विचारायचं की नाही?"

दोघी आत गेल्या. सूर्यकांतांचं बोलणं संथ झालं होतं, डोकं नाही. सगळी हयात त्यांनी सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पोस्ट काढली असली तरी त्यांनी कुमुदिनीला त्यातलं सगळं आठवून सांगायला लावलं. मीनाक्षीच्या ओळीवर हात वर करून थांबवलं.

"निष्कर्ष आधी लिहिलाय. निरीक्षण कुठाय?" मग म्हणाले, "फोटो टाका. दर आठवड्याला टाका, बरी होते की नाही कळू दे. पण त्या मुलीला इथे पाठवा."

वैजयंतीला हे पटलं नाही. "बाबा, प्लीज," ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

कंपनीच्या साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी ग्रुप बंदच करायला सांगितला. कुमुदिनी हटून बसली. शेवटी ठरलं, रुग्णाच्या आणि घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो टाकायचा नाही. फोटो कमी झाले. दोन मुलींनी कंटाळून ग्रुप सोडला. जखम कुठून आली, घरी कोण बघतं, हे आता प्रश्नाबरोबर लिहावं लागे.

मीनाक्षी रविवारी आली. दारातच तिने "सॉरी, दीदी," म्हटलं. वैजयंतीने हातमोजे पुढे केले. दोघींनी मिळून सूर्यकांतांना कुशीवर वळवलं. मीनाक्षीला एकटीला ते जमलं नसतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"रोज अकेले करती हैं आप?"

"और कौन करेगा?" वैजयंती म्हणाली. थोड्या वेळाने तिने पायाखालची उशी सरकवून दाखवली. "ऐसे रखो. टाच हवा में रहनी चाहिए."

"टाच?"

"एड़ी," सूर्यकांत म्हणाले, आणि वैजयंतीला हसू आलं.