रणगाड्याचे चार स्क्रू

डाळमिलमध्ये आमच्या ह्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. रिमोटवरचा खेळण्यातला रणगाडा अंगणभर पळवायला तो पुरायचा. पण बॅटरी चार्ज करायची तर गाड्याच्या पोटाखालचे चार स्क्रू मीच खोलायचे. बांगडीतल्या पिनांसोबत मी बारका पेचकस अडकवूनच फिरायची. "लई झाली तुमची लढाई!" असं रोज खेकसायची.

त्यांनी ते मनावर घेतलं. आठ दिवस गाडा गुडघ्यांत धरून, डाव्या हातानं त्यांनी मागच्या बाजूला चार्जिंगचं सॉकेट बसवलं. काल स्वतःच वायर खोचली.

"आता तुला तरास न्हाई, रेणुका."

"सुटले एकदाची!" मी म्हणाले.

आज ते आंघोळीला गेले, तसा मी गाड्याच्या पोटाखालचा एक स्क्रू ढिला केला आणि त्यांच्या हाकेची वाट बघत भाकरी थापत बसले.