बाबा आईकडे निघाले

"निळा शर्ट इस्त्री करून ठेव," बाबा खाटेवरून म्हणाले. "तुझ्या आईला तो आवडायचा. तिच्यासमोर असा गबाळा कसा जाऊ?"

ठमी नुकतीच प्रयोगशाळेतून आली होती. दिवसभर पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासून डोळे चुरचुरत होते. पिशवी तिथेच टाकून ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, काय भरवलंत त्यांच्या डोक्यात?"

आत्या भांडी विसळत होती. भावाचं हृदय आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती इथेच राहायला आली होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मी कशाला भरवू? वर आपली माणसं भेटतात, हे आयुष्यभर सांगत आले त्याला. पालथ्या घड्यावर पाणी! आता आपणहून म्हणतोय तर म्हणू दे की. जाणाऱ्या माणसाशी कसला वाद घालतेस?"

वाद घालायचाच होता ठमीला. तिच्या पोटात तो तीस वर्षं पडून होता.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आई गेली तेव्हा ठमी दुसरीत होती. आईच्या कपाटात डोकं खुपसून, तिच्या कपड्यांच्या वासात, ती शाळेतल्या गोष्टी सांगायची. कुणी चिमटा काढला, कुणाचा दात पडला. एकदा बाबांनी ते ऐकलं. ओरडले नाहीत. तिला समोर बसवून त्यांनी मेणबत्ती पेटवली, फुंकली आणि विचारलं, "ज्योत कुठे गेली?"

तिने खूप विचार केला. "कुठेच नाही. जळायचं थांबलं."

"शाब्बास! आईचंही तसंच."

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर कपाट रिकामं. त्यानंतर ती आईशी एक अक्षर बोलली नाही. उत्तर बरोबर होतं, आणि आजही ते बरोबरच आहे असं तिचं ठाम मत होतं. म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

ती खाटेपाशी आली. "कुठे भेटणार आहे आई?"

"ते माहीत नाही."

"पुरावा?"

"नाही." बाबा हसले. "नापास कर मला."

"हसू नका! मला मेणबत्ती आणि तुम्हाला आई? तुम्हाला भीती वाटली की लगेच सूट! मला नव्हती वाटत भीती? सात वर्षांची होते मी!"

आत्या दारात आली. "अगं, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

बाबांना धाप लागली होती. थांबत थांबत ते म्हणाले, "तू कपाटात बोलायचीस ना, ते मला ऐकवत नव्हतं. तो आवाज बंद करायचा होता मला. शिकवलं ते खोटं नव्हतं, ठमे. पण शिकवलं माझ्या सोयीने."

ठमीला काहीतरी फेकून फोडावंसं वाटलं. हाताशी फक्त औषधाची बाटली होती.

"तिला काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"काही नको. ती नाहीये."

"नसेल. पण असली तर?"

ठमीने दात आवळले. "असली तर सांगा की मला तुम्ही बोलू दिलं नाहीत. पहिलं हेच सांगा. स्वतःच्या तोंडाने."

"सांगतो."

"आणि मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा तुम्ही फळ्यावर आकृती काढलीत आणि बाहेर जाऊन बसलात. आकृती! नावं दिलेली! तेही सांगा."

आत्या फिसकन हसली आणि तिने घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

"सांगतो," बाबा म्हणाले. "आणखी?"

ठमीचा यातल्या एका अक्षरावरही विश्वास नव्हता. तरी तिने खुर्ची ओढली. फरशीवर ती कर्कश वाजली.

"आणखी पुष्कळ आहे. मध्ये झोपायचं नाही. आधी आतापर्यंतचं म्हणून दाखवा. नीट."